सेम ४ नंतर विद्यापीठ बदलतेय: जुनी क्रेडिट्स आणि सीजीपीए तिकडे कसे धरतात?

तिसऱ्या_वर्षाची_वाट:

नमस्कार. बीएस्सी संगणकशास्त्राचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं. घरच्या कारणाने गाव बदलावं लागतंय. नुसतं कॉलेज नाही, विद्यापीठच बदलणार आहे. दोन्ही विद्यापीठं राज्यातलीच आणि दोन्हीकडे नवीन शैक्षणिक धोरणाचाच ढाचा. तिकडे थेट तिसऱ्या वर्षाला, म्हणजे सेम ५ ला प्रवेश हवाय.

माझी परिस्थिती अशी. दर सेमला २२ याप्रमाणे चार सेमची ८८ क्रेडिट्स व्हायला हवी होती. सेम ३ मध्ये मायनरच्या (म्हणजे दुय्यम विषय, माझं गणित) दोन क्रेडिटच्या एका पेपरला केटी लागली (नापास झाले, तो पेपर पुन्हा द्यायचाय), म्हणून सध्या ८६. केटी सुटली असं धरून मी हिशोब केला तर सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमची मिळून दहापैकी सरासरी, ८.१० च्या आसपास येतो. डिजिलॉकरमध्ये एबीसी (अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिट्सचं ऑनलाइन खातं) उघडून पाहिलं तर तिथे फक्त ४४ दिसतात! सेम ३ आणि ४ चा पत्ताच नाही. त्यात नव्या कॉलेजात मायनरला गणित नाहीच, इलेक्ट्रॉनिक्स आहे.

नव्या कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर 'आधी फॉर्म भरा, मग बघू' एवढंच उत्तर. मला आधी कळायला हवंय की ८८ ची ८८ धरतील की काही कापतील? सीजीपीए तोच पुढे चालू राहतो की शून्यापासून सुरू होतो? डेटा स्ट्रक्चर्सला मला ओ, म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड आहे, तो तिकडे ओच राहील का? आणि केटीची परीक्षा कुठे द्यायची, इकडे की तिकडे?

कुणी या चक्रातून गेलं असेल तर प्लीज सांगा.


निखळ:

टेन्शन नको घेऊस. आता एबीसी आहे ना. नव्या कॉलेजला बारा आकडी आयडी द्यायचा, क्रेडिट्स आपोआप तिकडे जातात. सीजीपीए पण तोच राहतो. २०२१ पासून सगळ्या देशात हेच चालू आहे.


खडूफळा:

निखळ, आपोआप होत असतं तर दर जून-जुलैत आमच्या टेबलावर गठ्ठे पडले नसते. मी शिकवते, आणि बाहेरून येणाऱ्या मुलांचे कोणते विषय धरायचे हे ठरवणाऱ्या समकक्षता समितीवर बरीच वर्षं आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. वाट बघणाऱ्या मुली, तुझे चारही प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांची उत्तरं चार वेगवेगळ्या टेबलांवर मिळतात. गोंधळ तिथेच होतो.

आधी एबीसी. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै २०२१ मध्ये त्याची नियमावली काढली. एबीसी हे एक पासबुक आहे. तू कुठे, कोणता विषय, किती क्रेडिट्सचा पास झालीस याची खात्रीलायक नोंद त्यात राहते, एवढंच त्याचं काम. नोंद करते संस्था, विद्यार्थी नाही. तू स्वतः गुणपत्रिका चढवू शकत नाहीस. म्हणूनच तुला ४४ दिसतात: पहिल्या वर्षाची माहिती विद्यापीठाने पाठवली आहे, दुसऱ्या वर्षाची अजून पाठवलेली नाही. क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, आणि एखाद्या पदवीसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी एकदा वापरली की खात्यातून वजा होतात. तू मध्ये कुठे बाहेर पडून प्रमाणपत्र घेतलेलं नाहीस, तेव्हा तो प्रश्न तुला नाही.

पण पासबुकात नोंद आहे म्हणून नवीन विद्यापीठ ते सगळं मान्य करेलच असं नाही. आपल्या पदवीत काय बसतं हे पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं, आणि ते आकडा बघून नाही, विषय बघून ठरवतं.

आमच्या टेबलावर नेमकं काय होतं ते सांगते. डाव्या हाताला विद्यार्थ्याच्या जुन्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम, उजव्या हाताला आमचा, मध्ये गुणपत्रिका. तुझ्याच डेटा स्ट्रक्चर्सचं घे. मागे एका मुलाची केस होती. त्याच्या सेम ३ च्या पेपरचं नाव आमच्यासारखंच, क्रेडिट्सही तितकीच. युनिट उघडून पाहिली तर अॅरे, स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, बस. ट्री आणि ग्राफ त्यांनी सेम ४ च्या 'प्रगत' पेपरात टाकलेले. आमच्याकडे हे सगळं एकाच पेपरात, आणि सेम ४ ला अल्गोरिदमचा वेगळा पेपर. मग काय केलं? त्याचे दोन्ही पेपर मिळून आमचा एक पेपर झाला असं धरलं. आठ क्रेडिट्स घेऊन आलेल्या मुलाची चारच जमली, वर अल्गोरिदम करायचं राहिलं. तो रागावला, आणि त्याच्या जागी मीही रागावले असते. पण त्याला अल्गोरिदम न शिकवता सेम ५ च्या वर्गात बसवलं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात तो हरवला असता.

उलटंही होतं. नाव वेगळं असतं आणि आतलं सगळं तेच असतं. कुणी 'संगणकशास्त्रासाठी गणित' म्हणतं, कुणी 'डिस्क्रीट मॅथ्स'. आत दोन्हीकडे सेट, रिलेशन, ग्राफ आणि लॉजिक. असा विषय आम्ही दोन मिनिटांत पास करतो. म्हणून नुसती गुणपत्रिका घेऊन येणाऱ्या मुलांचं नुकसान होतं. गुणपत्रिकेवर नावं असतात, युनिट नसतात. अभ्यासक्रम सोबत नसेल तर शंकेचा फायदा कुणी देत नाही, निदान आमच्या समितीत तरी नाही.

तासही बघतात. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३०. तुझा चार क्रेडिटचा पेपर तीन अधिक एक असेल आणि तिकडचा दोन अधिक दोन, तर एखादी समिती सोडून देते, एखादी म्हणते प्रॅक्टिकलचं जर्नल दाखव. जर्नल फेकू नकोस.

कडक तपासणी मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची होते. बाकीच्या कप्प्यांत हात सैल असतो. भाषेचे पेपर, मूल्यशिक्षण, पर्यावरण, भारतीय ज्ञानप्रणाली हे बहुधा जसेच्या तसे धरले जातात. ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) तर ओपनच आहे, तिथे विषय जुळवायचं कारण नाही. तुझं दुखणं मायनर आहे. तिकडे गणित मायनरला नसेल तर तुझी गणिताची क्रेडिट्स ते ओपन इलेक्टिव्हमध्ये टाकू शकतात, किंवा 'मायनर इलेक्ट्रॉनिक्स हवं तर मागचे पेपर भरून काढ' म्हणू शकतात, किंवा सरळ सोडून देऊ शकतात. यातलं ते काय करतात हे फॉर्म भरायच्या आधी विचार, नंतर नाही. ओपन इलेक्टिव्हमध्ये टाकायला तयार झाले तर तुझं नशीब. क्रेडिट्स वाचतात, फक्त मायनरचा शिक्का जातो.

केटीचं उत्तर सोपं आहे. नापास विषयाचं क्रेडिट शून्य, त्यामुळे तिकडे न्यायला तिथे काही नाहीच. परीक्षा जुन्या विद्यापीठाची, नोंदणी जुनी, पेपरही जुनाच. तो तिकडे देता येत नाही. इकडची परीक्षा देऊनच तो सोडवावा लागेल. काही विद्यापीठं बाहेरून येणाऱ्याला एकही केटी चालवून घेत नाहीत, मग स्वतःच्या मुलांना एटीकेटी (नापास विषय घेऊन पुढच्या वर्षात जायची सवलत) कितीही देत असोत.

आणि आता जे कुणी सांगत नाही ते. २०२१ च्या त्याच नियमावलीत असं आहे की पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट्स मिळवलेली हवीत. तीन वर्षांची पदवी तुमच्याकडे १३२ ची. निम्मी ६६. तू सेम ५ ला गेलीस तर तिकडे तुझी ४४ च होतील. एखादा मागचा पेपर भरून काढलास तरी ६६ होत नाहीत. वर्षभराच्या थेट प्रवेशासाठी काही विद्यापीठांचे स्वतःचे वेगळे अध्यादेश असतात आणि मुलं त्या वाटेने जातातही, पण तुझ्या विद्यापीठात ही अट कशी लावतात ते लेखी विचार. तोंडी 'हो हो, होऊन जाईल' यावर जाऊ नकोस. चौथं वर्ष करून ऑनर्स घेणार असलीस तर मात्र हे गणित सुटतं: एकूण १७६, निम्मी ८८, आणि तिसरं-चौथं वर्ष मिळून बरोबर ८८.

सीजीपीएचं वेगळं लिहिते, आत्ता तास आहे.


निखळ:

मॅडम, मी तर सरकारी जाहिरातीत जे वाचलं तेच लिहिलं होतं 😅 पण ५० टक्क्यांचं खरंच माहीत नव्हतं.


तिसऱ्या_वर्षाची_वाट:

मॅडम, खूप खूप आभार. हे ६६ चं वाचून पोटात गोळाच आला. चौथं वर्ष करायचा विचार होताच, रिसर्चला जायचंय, म्हणून अजून तरी धीर आहे. सीजीपीएचं नक्की लिहा. घरी सगळे म्हणतात, 'नव्या ठिकाणी शून्यापासून असेल तर बरंच, जुन्याची कटकट नाही.' मला ते पटत नाहीये.


अर्धवट_पदवीधर:

मी केलंय हे. स्वायत्त कॉलेजातून त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या, साध्या संलग्न कॉलेजात गेलो, दुसऱ्या वर्षाला. मला वाटलेलं की विद्यापीठ एकच, सगळं तसंच उचलतील. पण स्वायत्त कॉलेज स्वतःचा अभ्यासक्रम लावतं, त्यामुळे माझीही समकक्षता झाली, मॅडम म्हणतात तशीच. दोन पेपर नव्याने करावे लागले. सेम ३ चे वर्ग चालू असताना पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये जाऊन बसायचं, आणि दोन्हीचं वेळापत्रक एकमेकांवर चढायचं. सकाळी साडेसातचं लेक्चर मी मुख्यतः पायऱ्यांवरून ऐकलं.

ग्रेडचं सांगतो. माझ्या शेवटच्या गुणपत्रिकेवर पहिल्या वर्षाच्या विषयांपुढे ग्रेड नाहीच. क्रेडिट्स आहेत आणि 'स्थानांतरित' असा शेरा. सीजीपीए फक्त दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा. कॅम्पस मुलाखतीला फॉर्ममध्ये 'सर्व सेमचा सरासरी' असा रकाना असतो, तिथे काय भरायचं कळेना. शेवटी दोन्ही कॉलेजांच्या गुणपत्रिका एकाच फाईलमध्ये जोडल्या आणि खाली एक ओळ लिहिली. कुणी हरकत घेतली नाही. मात्र एका ठिकाणच्या ऑनलाइन फॉर्मला सेम १ चा आकडा टाकल्याशिवाय पुढेच जायचं नव्हतं, तेव्हा जुन्या गुणपत्रिकेवरचा टाकला.


खडूफळा:

आले. सीजीपीए.

हिशोब मुळात साधा आहे. ग्रेडला गुण असतात: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, नापास शून्य. प्रत्येक विषयाचे ग्रेड-गुण गुणिले त्याची क्रेडिट्स, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट्स. सेमचा काढला की एसजीपीए, सगळ्या सेमचा मिळून सीजीपीए. सीजीपीए काढताना एसजीपीएची नुसती सरासरी घेऊ नका, क्रेडिट्सने तोलून घ्या. सगळ्या सेमला २२ असतील तर फरक दिसत नाही. बदली झाली की क्रेडिट्स असमान होतात आणि तिथे मुलं फसतात.

तुझे आकडे घेते, केटी सुटली असं धरून. ८८ क्रेडिट्स, ८.१०. म्हणजे तुझ्या खात्यात ७१२.८ गुण. समजा नव्या ठिकाणी रुळायला वेळ लागला आणि तिसऱ्या वर्षाच्या ४४ क्रेडिट्सना ७.०० पडला: ३०८ गुण.

पहिली पद्धत: ग्रेडसकट सगळं उचलतात. ७१२.८ अधिक ३०८, भागिले १३२. ७.७३.

दुसरी पद्धत: फक्त क्रेडिट्स उचलतात, ग्रेड नाही. अर्धवट_पदवीधरचं जे झालं ते. तुझा सीजीपीए ७.००, आणि दोन वर्षांची मेहनत कागदावर दिसत नाही.

घरच्यांना हे दोन आकडे दाखव. हां, तिसऱ्या वर्षाला तू ८.६० काढलेस तर उलटं होतं: पहिल्या पद्धतीने ८.२७, दुसरीने ८.६०. ज्यांचं पहिलं वर्ष वाईट गेलंय त्यांना शून्यापासून सुरुवात फायद्याची. तुझं तसं नाही. पण पद्धत निवडणं तुझ्या हातात नाही, ती विद्यापीठाच्या अध्यादेशात ठरलेली असते. तुझ्या हातात एवढंच की ती आधी माहीत करून घेणं.

तिसरी गोष्ट, जी मला जास्त डाचते. सगळी ८८ धरली नाहीत आणि, समज, १२ क्रेडिट्स गळली. आणि ती नेमकी तू ओ मिळवलेल्या विषयांची निघाली. म्हणजे १२० गुण गेले. उरले ५९२.८, भागिले ७६: ७.८०. एकही नवीन पेपर न देता तू ८.१० वरून ७.८० वर आलीस. ती १२ तिकडे भरून काढताना ए मिळाला आणि तिसऱ्या वर्षाला तोच ७.००, तर शेवटी ७.५५.

हे तुझ्यासाठी महत्त्वाचं का, तर तू रिसर्च म्हणालीस. चौथ्या वर्षाला संशोधनाचा ऑनर्स हवा असेल तर पहिल्या सहा सेममध्ये ७५ टक्के किंवा जास्त लागतात, तेही यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात आहे. ७.५५ म्हणजे अगदी उंबरठ्यावर. आणि सीजीपीएचे टक्के करायचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं निराळं. कुणी सरळ दहाने गुणतं, कुणी आधी काहीतरी वजा करतं. दुसऱ्या पद्धतीचं विद्यापीठ असेल तर 'पहिली सहा सेम' म्हणजे तुझ्या बाबतीत कोणती, हेही विचार. हा प्रश्न ऑफिसला विचारलास तर डोळे विस्फारतील. परीक्षा विभागाला किंवा विभागप्रमुखांना विचार.

आता तुझा ओ. ग्रेडची नावं सगळीकडे तीच असली तरी कितीला ओ द्यायचा हे विद्यापीठ ठरवतं. कुठे ८० ला, कुठे ९० ला. तुला ८२ असतील तर इकडे ओ आणि तिकडे ए प्लस होऊ शकतो. काही समित्या ग्रेड तसाच उचलतात, काही गुण मागून आपल्या तक्त्यात घालतात. आम्ही गुण बघतो. पण याचा फार घोर लावून घेऊ नकोस. चार क्रेडिटच्या एका विषयात दहाचे नऊ झाले तर चार गुण जातात, १३२ वर भागलं की ०.०३. खरा घोर गळणाऱ्या क्रेडिट्सचा.

गळलीच तर एक वाट स्वयंमची, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सची आहे. २०२१ पासून एका सेमच्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंमवरून करता येतात. राहिलेला पेपर तिथे जुळता असेल तर पहिल्या वर्षाच्या वर्गात पायऱ्यांवर बसायची वेळ येत नाही. मात्र कोर्सला नाव घालायच्या आधी विभागाची मान्यता घ्यायची. आधी कोर्स करून मग प्रमाणपत्र नाचवत येणारे दरवर्षी भेटतात.


अर्धवट_पदवीधर:

स्वयंमचं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!


टेबल_क्र_३:

मॅडमनी डोक्याचं काम सांगितलं, मी कागदांचं सांगतो. आम्ही ऑफिसवाले, 'आधी फॉर्म भरा मग बघू' म्हणणारे. ताई, तसं म्हणतात कारण पात्रता आमच्या टेबलावर ठरतच नाही, विद्यापीठात ठरते. खिडकीवरच्या माणसाने तोंडी हो म्हटलं आणि तिकडून नाही आलं तर पालक त्याच्याच गळ्याला धरतात. पण चुकूनही फॉर्म भरायच्या आधी इकडची टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढू नका. दरवर्षी कुणीतरी टीसी हातात घेऊन येतं आणि तिकडे सीटच नसते. मग ना घर का ना घाट का.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा झेरॉक्सवर अर्ज आणि समकक्षता. त्यांच्याकडून 'इतकी क्रेडिट्स मान्य, अमुक पेपर करावे लागतील, तात्पुरता प्रवेश' असं लेखी आलं की टीसी. मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र) सगळ्यात शेवटी, आणि तुमच्या बाबतीत केटीचा निकाल लागल्यावरच. बहुतेक विद्यापीठांत मायग्रेशन निघालं की जुनी नोंदणी संपते. मग केटीचा परीक्षा फॉर्म भरणार कुठून? नवीन ठिकाणी मायग्रेशनसाठी मुदत मागता येते, हमीपत्र लिहून द्या.

गुणपत्रिकेची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढा. ग्रेडचा तक्ता, कितीला ओ कितीला ए, तो मागच्या बाजूला छापलेला असतो. निम्मी मुलं पुढचीच बाजू आणतात आणि मग समितीवाले आम्हाला फोन करतात.

अभ्यासक्रम वेबसाइटवरून काढताना पॅटर्नचं वर्ष बघा. तुम्ही ज्या पॅटर्नला होतात तोच हवा, आज वर दिसतो तो नाही. मधल्या काळात बदललेला असू शकतो. युनिटची पानं आणि तासिका-परीक्षा योजनेचं पान, दोन्ही. त्यावर विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का. मे महिन्यात सही करायला विभागात कुणी सापडत नाही, लवकर गाठा.

एबीसीचं. सेम ३-४ का दिसत नाही तर एक, विद्यापीठाने पाठवलं नसेल. दोन, नावाचा घोळ. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव. आधारवर स्वतःचं नाव आधी, आईचं नसतंच. कधी स्पेलिंग वेगळं. नाव जुळलं नाही की नोंद अडकते. कॉलेजच्या परीक्षा विभागात आयडी आणि आधारची प्रत देऊन अर्ज करा, पोच घ्या. पोच घ्याच.


तिसऱ्या_वर्षाची_वाट:

काका, गुणपत्रिकेची मागची बाजू आत्ता पहिल्यांदा नीट वाचली. इकडे ओ ८० पासून आहे. नव्या विद्यापीठाच्या साइटवर शोधलं, तिथे ९०. मला डेटा स्ट्रक्चर्सला ८४ आहेत. म्हणजे गेलाच तो ओ. पण ०.०३ म्हटल्यावर सोडून दिलं.

उद्या नव्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना मेल करतेय. मजकूर असा ठेवलाय, काही राहिलं असेल तर सांगा: बाहेरून आलेल्यांचे ग्रेड सीजीपीएत धरता की फक्त क्रेडिट्स, ५० टक्क्यांची अट तीन वर्षांच्या पदवीला कशी लावता आणि चार वर्षांच्या ऑनर्सला कशी, गणित मायनरची क्रेडिट्स ओपन इलेक्टिव्हमध्ये घेता येतील का, संशोधनाच्या ऑनर्ससाठी सहा सेमचा हिशोब माझ्या बाबतीत कसा होईल, एक केटी बाकी असताना तात्पुरता प्रवेश देता का. सोबत अभ्यासक्रमाची पीडीएफ आणि दोन्ही बाजूंची गुणपत्रिका.


खडूफळा:

चांगला आहे. केटीचा प्रश्न सगळ्यात वर घे. त्याचं उत्तर 'नाही' आलं तर बाकीचे चार या वर्षापुरते निकालात निघतात आणि तुला निर्णय लवकर घेता येतो. आणि मेलच्या विषयात 'समकक्षता' हा शब्द घाल, म्हणजे तो योग्य माणसाकडे पुढे जाईल. नुसतं 'प्रवेशाबाबत' लिहिलंस तर प्रवेशाच्या शेकडो मेलमध्ये बुडेल.


घाटावरचा_इंजिनिअर:

मधेच विचारतो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलेल्यांचं पण असंच होतं का? डिप्लोमाचे गुण सीजीपीएत येतात?


खडूफळा:

बहुतेक ठिकाणी नाही. त्यांचा हिशोब सेम ३ पासून सुरू होतो, डिप्लोमाचे गुण प्रवेशापुरते. पण त्याचा वेगळा धागा काढा, हा तिचा आहे. तिला उद्याच्या मेलचं उत्तर इथे लिहायला जागा लागेल.